बबल टी पहिल्यांदा पिताय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शिकायला म्हणून मी दोन वर्षं तैवानमध्ये, शिंचू शहरात होते. पुण्यात परत आले तोवर इथेही बबल टीची दुकानं सुरू झाली होती. मग 'तू तर तिकडे होतीस ना' म्हणून घरचे, शेजारचे, ऑफिसातले सगळे मलाच विचारू लागले. प्रश्न तेच तेच असतात. त्यातला एक मात्र बहुतेक जण आवाज खाली करून विचारतात: तिथे गेल्यावर म्हणायचं काय? माझ्या मते आपल्या माणसांना अडवतो तो काउंटर; चवीचं नंतर बघता येतं. म्हणून त्या प्रश्नाचं उत्तर खाली सगळ्यांत सविस्तर दिलं आहे.

बबल टी म्हणजे नेमकं काय?

कोरा चहा काढून गार करतात. त्यात दूध किंवा फळाचा रस, साखरेचा पाक आणि बर्फ घालून झाकणाच्या भांड्यात खळखळून हलवतात. ग्लासच्या तळाशी चावून खायचे मऊ, चिवट मोती असतात. स्ट्रॉ बोटाएवढा जाड असतो, कारण त्यातून चहाबरोबर मोतीही वर यायला हवेत.

आपला आलं-वेलची घालून उकळलेला चहा डोक्यात ठेवून गेलात तर पहिला घोट विचित्र लागेल. त्यापेक्षा फालुदा आठवा. फालुद्यात आपण सब्जा आणि शेवया दुधाबरोबर ओढतो आणि चावतो, त्यात कोणाला काही वावगं वाटत नाही. हाही त्याच जातीचा पदार्थ आहे, फक्त त्याचा पाया चहाचा.

'बबल' म्हणजे ते काळे मोतीच ना?

मलाही तसंच वाटायचं. पण मुळात बबल म्हणजे फेस. चहा बर्फाबरोबर जोरात हलवला की वर बारीक फेस येतो. तैवानमध्ये अशा चहाला फेसाचा चहा म्हणत, मोती त्यात नंतर आले. मोत्यांच्या दुधाळ चहाला तिथे 'चन-चू नाय-छा' म्हणतात: चन-चू म्हणजे मोती, नाय म्हणजे दूध, छा म्हणजे चहा. तो 'छा' आणि आपला 'चहा' एकाच घरचे. 'बोबा' हे नाव मोठ्या मोत्यांवरून पडलं आणि अमेरिकेत, विशेषतः कॅलिफोर्नियात, तेच रुळलं. आपल्याकडच्या दुकानांत मोत्यांना 'बोबा' म्हणा किंवा 'पर्ल्स', दोन्ही समजतं.

हा चहा पहिल्यांदा केला कोणी?

तैवानमधली दोन चहाची दुकानं हा मान आपला म्हणतात. ताइचुंगच्या छुन शुई थांगचं म्हणणं असं, की त्यांच्याकडच्या लिन श्यू-हुई यांनी १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात 'फन-युआन' हा गोड गोळ्यांचा जुना पदार्थ गार चहात ओतला आणि सगळ्यांना तो आवडला. ताइनानच्या हानलिनचं म्हणणं असं, की मालक थू त्सोंग-ह यांनी १९८६ मध्ये बाजारात पांढरे फन-युआन पाहिले आणि ते चहात घातले. प्रकरण कोर्टात गेलं, दहा वर्षं चाललं. शेवटी २०१९ मध्ये निकाल लागला, की हा चहा कोणीही करू शकतो, तेव्हा पहिला कोण हे ठरवायचं कारण नाही. तैवानी मित्रमैत्रिणींमध्ये यावरून आजही वाद रंगतो, आणि ताइनानचा माणूस ताइनानचीच बाजू घेतो.

ते मोती कशाचे असतात? जिलेटिन असतं का?

कसावा नावाच्या कंदाच्या सत्त्वाचे, म्हणजे टॅपिओकाचे. जिलेटिन नसतं. काळपट रंग ब्राउन शुगरचा किंवा कॅरॅमलचा. मूळ सत्त्व पांढरंशुभ्र असतं आणि शिजलं की पारदर्शक होतं.

आता हे वर्णन ओळखीचं वाटत नाही का? आपला साबुदाणाही याच कंदाचा. कसावा मूळचा दक्षिण अमेरिकेतला, पोर्तुगीजांबरोबर तो जगभर फिरला. केरळात तो 'कप्पा' म्हणून उकडून खातात. तामिळनाडूत सेलमच्या आसपास कंद किसून, धुऊन, त्याचं दूध निवळवून सत्त्व काढतात आणि त्याचे दाणे वळतात. महाराष्ट्रात एकादशीला जी खिचडी होते तिचा साबुदाणा बहुतेक करून तिथलाच; सेलमच्या साबुदाण्याला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. म्हणजे ज्या मोत्यांकडे आपण परदेशी म्हणून बिचकून बघतो, त्यांची भावंडं आपल्या स्वयंपाकघरात डब्यात बसलेली आहेत. मला हे शिंचूला गेल्यावर तीन महिन्यांनी कळलं. त्या दिवशी घराची आठवण जरा कमी टोचली.

मग घरातला साबुदाणा चहात घातला तर?

खीर होईल, बबल टी होणार नाही. साबुदाण्याचा दाणा लहान असतो आणि शिजला की आतपर्यंत मऊ पडतो. मोत्याला चावताना दाताला जी उसळी लागते ती त्यात येत नाही. घरी करायचे असतील तर मोती सत्त्वापासूनच वळावे लागतात, कृती पुढे दिली आहे.

मोती चावायचे की गिळायचे?

चावायचे. सगळी मजा तिथेच आहे. तैवानमध्ये या पोताला 'क्यू-क्यू' म्हणतात: दात रुतवले की आत जातात आणि सोडले की मोती परत उसळतो. मराठीत त्याला नेमका शब्द नाही. 'चिवट' म्हटलं तर तक्रार वाटते, 'मऊ' म्हटलं तर अर्धंच सांगितल्यासारखं होतं. कोवळा ताडगोळा चावताना जे वाटतं त्याच्या जवळपास जातं, पण त्यापेक्षा घट्ट.

पहिल्या घोटाला जोरात ओढू नका. हळू ओढा, तोंडात दोन-तीन मोती येऊ द्या, चावा, मग पुढचा घोट. मोत्यांना स्वतःची चव बेताची, गुळासारखी असते.

काउंटरवर नेमकं काय म्हणायचं? मागे रांग असते आणि काही सुचत नाही.

शिंचूला मी पहिल्यांदा गेले तेव्हा पाऊस होता आणि माझ्यामागे सहा-सात जण छत्र्या मिटून उभे होते. फळ्यावर सगळं चिनीत. मी एका चित्रावर बोट ठेवलं. काउंटरवरच्या मुलीने दोन प्रश्न विचारले, मी दोन्हींना मान हलवली. मिळाला तो पूर्ण साखरेचा, काठोकाठ बर्फाचा मोठा ग्लास. तो मला संपला नाही. पुढचे तीन आठवडे मी त्या दुकानावरून रोज जात होते आणि आत जात नव्हते. त्या मुलीचं काही चुकलं नव्हतं. तिने जे विचारायचं ते विचारलं होतं. 'समजलं नाही' हे दोन शब्द मला म्हणता आले नाहीत, एवढंच. तेव्हापासून मी सगळ्यांना आधी हेच सांगते की प्रश्न कोणते येणार हे माहीत असलं की भीती निम्मी होते.

प्रश्न पाचच असतात. कोणता चहा? केवढा ग्लास? साखर किती? बर्फ किती? आणि वरून काय घालू? जगात कुठेही जा, थोड्या फरकाने हेच.

पहिल्या वेळेसाठी माझं उत्तर ठरलेलं आहे: 'साधा मिल्क टी, छोटा, साखर पन्नास टक्के, बर्फ कमी, काळे पर्ल्स.' हे वाक्य फोनमध्ये लिहून घेऊन गेलात तरी चालेल. साध्या मिल्क टीने सुरुवात करायचं कारण असं, की त्यात चहा, दूध आणि मोती तिन्ही वेगवेगळे कळतात. स्ट्रॉबेरी-चीज-ओरिओ अशा नावांचा ग्लास घेतलात तर मिल्कशेक प्यायल्यासारखं वाटेल आणि बबल टी कसा लागतो हे कळायचं राहूनच जाईल.

आणि सरळ सांगा, 'पहिल्यांदाच आलोय, यातलं काय घेऊ?' हे वाक्य मी आता कुठल्याही नव्या ठिकाणी वापरते. काउंटरवरची मुलंमुली बहुतेक वेळा खूश होतात, कारण दिवसभरात त्यांचं मत कोणी विचारलेलं नसतं. रांग मोठी असेल तर बाजूला उभं राहून आधी मेनू वाचा, दोन-तीन जण काय मागवतात ते ऐका, मग रांगेत लागा. मागच्या माणसाला 'तुम्ही घ्या, मी जरा बघतो' म्हटलं की झालं. शेवटी, न कळता मान हलवू नका. 'काय म्हणालात?' असं तीनदा विचारावं लागलं तरी विचारा. पैसे तुमचे आणि पोटही तुमचंच.

साखर पन्नास टक्के म्हणजे कशाच्या पन्नास टक्के?

त्या दुकानाच्या नेहमीच्या मापाच्या. शंभर, सत्तर, पन्नास, तीस आणि शून्य अशा पायऱ्या असतात. दुकानागणिक माप वेगळं, त्यामुळे एका ठिकाणचे पन्नास दुसरीकडच्या सत्तरएवढे गोड लागू शकतात. आपल्या घरच्या चहाच्या गोडीची सवय असलेल्याला पन्नास पुरेसे होतात, माझं आता तीसवर भागतं.

एक गोष्ट मात्र दुकानदार आपणहून सांगत नाही. ही टक्केवारी चहातल्या पाकाची असते. मोती स्वतः पाकात मुरवलेले असतात, तो पाक त्यात धरलेला नसतो. म्हणजे 'शून्य टक्के' म्हणूनही मोत्यांसोबत साखर पोटात जातेच.

मग मधुमेह असलेल्यांनी प्यावा का?

मोती म्हणजे निव्वळ पिष्ट आणि वरून पाक. दोन्हींनी रक्तातली साखर चढते. जागतिक आरोग्य संघटना दिवसभरातली वरून घातलेली साखर साधारण ५० ग्रॅमच्या आत, आणि जमल्यास २५ ग्रॅमच्या आत ठेवायला सांगते. पूर्ण गोडाचा एक मोठा ग्लास यातला बहुतेक वाटा एकट्याने खाऊन टाकतो. मधुमेह असेल तर बिनसाखरेचा, बिनमोत्यांचा चहा घ्या आणि सोबतच्या माणसाच्या ग्लासातले दोन मोती चाखा. त्यापुढचं तुमच्या डॉक्टरांनाच विचारा. आणि ज्यांना संध्याकाळी चहा घेतला की झोप लागत नाही, त्यांना हाही चहाच आहे याची आठवण करून देते.

शाकाहारी आहे का?

चहा, दूध, काळे मोती: होय. विचारायचं ते बाकीच्या गोष्टींबद्दल. 'पुडिंग'मध्ये अंडं किंवा जिलेटिन असू शकतं, आणि जिलेटिन जनावरांच्या हाडा-कातड्यापासून करतात. 'जेली' बहुधा आगरची किंवा नारळाची असते, तरी विचारून घ्या. तोंडात फुटणारे रंगीत गोळे, म्हणजे 'पॉपिंग बोबा', समुद्री शेवाळातून काढलेल्या अल्जिनेटच्या पातळ पापुद्र्यात फळाचा रस भरून करतात.

दुधाबद्दलही विचारा. अनेक दुकानांत ताज्या दुधाऐवजी क्रीमरची पावडर वापरतात. ती वनस्पती तेल आणि ग्लुकोजची असते, त्यात दुधातलं प्रथिनही असू शकतं. ज्यांना दूध वर्ज्य आहे त्यांनी 'नॉन-डेअरी' या शब्दावर विसंबू नये. कंदमूळ न खाणाऱ्यांनी लक्षात ठेवावं, की मोती कंदाचे आहेत आणि 'तारो'सुद्धा.

उपवासाला चालेल का?

हा प्रश्न मला आषाढी एकादशीच्या आदल्या दिवशी हमखास येतो. ज्या घरात उपवासाला चहा आणि साबुदाणा दोन्ही चालतात, तिथे साधा दुधाचा चहा आणि काळे मोती यांना हरकत घ्यायला जागा दिसत नाही. पण दुकानातल्या मोत्यांत आणि पावडरमध्ये आणखी काय काय मिसळलंय हे पाकीट पाहिल्याशिवाय कळत नाही, आणि एकच भांडं सगळ्याला वापरलेलं असतं. मी स्वतः उपवासाच्या दिवशी घरी केलेलाच पिते. शेवटचा शब्द तुमच्या घरातल्या मोठ्यांचा.

तारो, माचा, चीज फोम: हे काय प्रकार?

तारो म्हणजे आपल्या अळूचा कंद, अळकुडी. ज्याच्या पानांची आपण अळूवडी करतो तेच झाड. दुकानातला तारो गडद जांभळा दिसतो तो बहुतेक वेळा पावडरमुळे. खरा शिजवून कुस्करलेला कंद फिकट, करडा-जांभळा असतो आणि चवीला रताळ्याच्या जवळ जातो. तैवानमध्ये ताजा कुस्करलेला तारो मिळाला तर सोडू नका.

माचा म्हणजे सावलीत वाढवलेल्या हिरव्या चहाच्या पानांची जपानी पूड. कडसर, किंचित पालेभाजीसारखी. पहिल्या भेटीत घेऊ नका. चीज फोम हा खारट-गोड सायीसारखा थर, तो स्ट्रॉने न ओढता ग्लास तिरका करून ओठांनी चहाबरोबर प्यायचा. 'ब्राउन शुगर मिल्क'मध्ये बऱ्याच ठिकाणी चहा नसतोच, नुसतं दूध आणि पाक. ग्रास जेली ही पुदिन्याच्या कुळातल्या एका वनस्पतीची काळी जेली, चवीला औषधी काढ्यासारखी, उन्हाळ्यात मला ती मोत्यांपेक्षाही आवडते.

वरचं प्लास्टिक न सांडता कसं फोडायचं?

ग्लास टेबलावर ठेवा, हातात धरून दाबू नका. स्ट्रॉचं टोकदार टोक खाली, वरचं भोक अंगठ्याने बंद, आणि मधोमध एकच झटका. भीत भीत हळूहळू दाबलं की पापुद्रा खाली जातो, चहा वर येतो आणि शर्टावर सांडतो. १ जुलै २०२२ पासून देशभर प्लास्टिकच्या स्ट्रॉवर बंदी आहे, त्यामुळे आता कागदी स्ट्रॉ मिळतात. ते वीसेक मिनिटांत लिबलिबीत होतात. वारंवार पिणाऱ्यांनी जाड, तिरक्या टोकाचा स्टीलचा स्ट्रॉ पिशवीत ठेवावा.

लहान मुलांना देऊ का?

चार वर्षांखालच्या मुलांना मोती अजिबात नकोत. यात मी कुठलीही सूट देत नाही. जाड स्ट्रॉने ओढलेला मोती वेगाने थेट घशात जातो, तो निसरडा असतो आणि श्वासनलिकेत अडकू शकतो. जर्मनीच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१२ मध्येच लहान मुलांबाबत हा इशारा दिला होता. थोड्या मोठ्या मुलांना ग्लासातून चमच्याने काढून, बसवून, चावायला लावून द्या. पळता पळता, हसता हसता, गाडीत मागे बसून नको. दात नसलेल्या किंवा गिळायला त्रास होणाऱ्या आजी-आजोबांनाही हेच लागू.

घरी आणून फ्रीजमध्ये ठेवला, मोती दगड झाले. वाया गेला का?

मोत्यांपुरता, हो. शिजलेलं पिष्ट गार झालं की आवळतं. काल रात्रीचा भात फ्रीजमधून काढल्यावर कडक लागतो, तसंच. चांगल्या दुकानात शिजवलेले मोती चारेक तासांत संपवतात, उरले तर टाकून देतात. म्हणून बबल टी मागवावा तेव्हाच प्यावा. घरपोच मागवायचा असेल तर जवळच्या दुकानातून. मोती आतून पांढरे, पिठूळ लागले तर ते नीट शिजलेले नाहीत किंवा शिळे आहेत. अशा वेळी परत करायला संकोचू नका.

घरी मोती कसे करायचे?

ज्यांना मोदकाची उकड काढता येते त्यांना हे जमतं, कारण युक्ती तीच आहे. टॅपिओका स्टार्च १०० ग्रॅम, चिरलेला गूळ ६० ग्रॅम, पाणी ६० ते ७० मिली. गूळ-पाणी उकळू द्या, नुसतं गरम चालत नाही. खळखळ उकळी आली की गॅस बारीक करून पाव भाग स्टार्च घालून झपाट्याने ढवळा. चिकट, चकचकीत लगदा झाला की उतरवा, उरलेलं स्टार्च घाला आणि हाताला सोसेल इतपत गरम असतानाच मळा.

पहिल्यांदा मी कोमट पाण्यात केलं होतं. परातीत जे झालं ते दाबलं की दगड आणि हात सोडला की दूध, बोटांमधून ओघळून जाणारं. ते मळलं जाईना. मग उकडीची आठवण झाली: तांदळाच्या पिठाला वाफ बसली नाही तर पारी फाटते, इथेही सत्त्व आधी थोडं शिजल्याशिवाय धरून राहत नाही.

गोळा जमला की त्याच्या पेन्सिलीएवढ्या वळ्या करा, हरभऱ्याएवढे तुकडे कापा, तळहातावर गोल फिरवा आणि सुकं स्टार्च भुरभुरवा, म्हणजे एकमेकांना चिकटणार नाहीत. भरपूर उकळत्या पाण्यात सोडा, तरंगले की मध्यम आचेवर वीस-पंचवीस मिनिटं शिजवा, मग गॅस बंद करून झाकून आणखी पंधरा-वीस मिनिटं. एक कापून बघा, मध्ये पांढरा ठिपका दिसला तर अजून वेळ हवा. गार पाण्यातून काढून गुळाच्या घट्ट पाकात टाका. चहासाठी आसामची कडक पावडर घ्या, कोरा चहा नेहमीपेक्षा दुप्पट दाट काढा, कारण दूध आणि बर्फ त्याला पातळ करणार आहेत.

आसामचं नाव सहज घेतलेलं नाही. जपानी राजवटीत, १९२०च्या दशकात, आसामी चहाची रोपं तैवानच्या सन मून तलावाजवळ नेऊन लावली. आजही तिथल्या दुकानांत 'आसामू' काळा चहा मिळतो.

तैवानला गेलो आणि भाषा येत नसेल तर?

चार-पाच शब्द पुरतात. 'पान थांग' म्हणजे अर्धी साखर, 'वेइ थांग' म्हणजे तीसच्या आसपास, 'वू थांग' म्हणजे साखर नको, 'शाओ पिंग' म्हणजे बर्फ कमी, 'छ्यू पिंग' म्हणजे बर्फ नको. उच्चार चुकले तरी काउंटरवरच्या माणसाला तेच शब्द अपेक्षित असतात, त्यामुळे कळतं.

शाकाहाऱ्यांना तैवान वाटतं त्यापेक्षा सोपं आहे. 'वो छ्र सू' म्हणजे मी शाकाहारी. बौद्ध परंपरेमुळे शाकाहारी खाणावळी गल्लोगल्ली आहेत आणि बऱ्याच ठिकाणी पाटीवर चक्क स्वस्तिक दिसतं, आपल्यापेक्षा उलट्या दिशेला वळलेलं. तिथला कडक शाकाहारी माणूस कांदा-लसूणही खात नाही. जुन्या बौद्ध यादीत तर हिंगही वर्ज्य आहे. पाकिटांवर शाकाहाराचे पाच प्रकार छापलेले असतात: निव्वळ वनस्पतीजन्य, दुधाचा, अंड्याचा, दोन्हींचा आणि कांदा-लसणाचा. चातुर्मासात कांदा-लसूण सोडणाऱ्या घरातली मी, हे वाचून तिथल्या दुकानात बराच वेळ तशीच उभी होते.

हेच इतर अनोळखी पदार्थांना लागू होतं का?

बरंचसं. कोरियन, जपानी, थाई, काहीही असो, पहिल्या वेळी तिथला सगळ्यांत साधा पदार्थ मागवा, दोघांत एक मागवा आणि कडकडून भूक लागलेली असताना जाऊ नका. भुकेल्या पोटी अनोळखी चव रागच आणते. शेजारच्या टेबलावरचं चांगलं दिसलं तर वाढणाऱ्याला विचारा, 'त्यांनी घेतलंय ते काय आहे?'

शाकाहाऱ्यांनी 'यात मांस आहे का' एवढंच विचारून थांबू नये, कारण मांस रश्शात आणि सॉसमध्ये लपलेलं असतं. जपानी मिसो सूपचा रस्सा बहुधा सुकवलेल्या माशाचा. किमचीत बऱ्याचदा माशाचा सॉस किंवा वाळलेली कोळंबी. चिनी पद्धतीच्या नुसत्या भाजीत ऑयस्टर सॉस, थाई करीत फिश सॉस. तेव्हा असं विचारा: 'रस्सा कशाचा आहे? सॉस कोणता घालता?' कशाची ॲलर्जी असेल तर ती पहिल्याच वाक्यात सांगा, शेवटी नाही.

आवडलाच नाही तर?

तर नाही आवडला. पुण्या-मुंबईत एका ग्लासचे साधारण दीडशे ते तीनशे रुपये जातात, म्हणून पहिला ग्लास छोटा आणि दोघांत घ्या. मोती आवडले नाहीत पण चहा आवडला तर पुढच्या वेळी बिनमोत्यांचा घ्या. चहाच आवडला नाही तर फळाचा घेऊन बघा. पोत पहिल्या घोटात क्वचितच आवडतो, मला तिसऱ्या ग्लासला आवडला.

घरातल्या मोठ्यांना घेऊन जायचंय. त्यांना झेपेल का?

मी आईला नेलं. ती एकसष्ट वर्षांची, दिवसाला चार कप चहा घेणारी, आणि 'गार चहा' या शब्दालाच तिचा विरोध. म्हणून तिच्यासाठी गरम मागवला, बऱ्याच दुकानांत तो मिळतो. छोटा ग्लास, साखर तीस टक्के, मोती निम्मेच, आणि स्ट्रॉऐवजी लांब चमचा. गरम चहात मोती जास्त मऊ राहतात आणि ओळखीची वाफ नाकाला लागते, त्यामुळे मोठ्यांना हीच सुरुवात बरी.

तिने आधी चहाचा घोट घेतला आणि म्हणाली, 'दूध कमी आहे.' मग चमच्याने एक मोती काढला, उजेडात धरून पाहिला, तोंडात टाकला. चावत राहिली. 'अगं, हा तर खिरीतला साबुदाणा. जरा दांडगा आहे एवढंच.' नंतर ती चहा बाजूला ठेवून मोतीच शोधू लागली, चमचा तळाला लागल्याचा आवाज येईपर्यंत.

महिन्याभराने आम्ही परत गेलो तेव्हा मी पाकीट शोधत होते. तेवढ्यात ती काउंटरपाशी पोचली होती आणि तिथल्या मुलाला सांगत होती, 'गरम दे, साखर तीस टक्के. आणि मोती पूर्ण घाल रे बाळा, मागच्या वेळी कमी पडले.'